पाट सरळ का जात नाही?

दिवाळीनंतर रत्नागिरी जिल्ह्यात एस.टी.ने प्रवास करण्याचा योग आला, तर नारळी-पोफळीच्या एखाद्या बागेपाशी अवश्य उतरा. डोंगरातल्या पऱ्याला दगडमातीचा बांध घालून त्याचे पाणी पाटाने बागेत आणण्याची ही कोकणची जुनी रीत. अनेक बागांत आता पंप आले आहेत. पण जिथे पाट वाहता असेल, तिथे त्याच्या काठाने बांधापर्यंत चालत जा. पाट सरळ जात नाही, डोंगराच्या कडेकडेने वळसे घेतो, हे तुमच्या ध्यानात येईल. वाटेत घळ आडवी आली, तर पोफळीचे खोड पोखरून केलेल्या पन्हळीतून पाणी पलीकडे नेतात.

असे का बरे? उघड्या पाटातले पाणी चढ चढत नाही. ते एकदम खाली उतरू दिले, तर उंची फुकट जाते आणि वेगाने पाटाची माती धुपते. उतार फारच कमी ठेवला, तर पाणी रेंगाळते व गाळ साचतो. बेताचा उतार राखायचा, तर वळसा घेणे आलेच.

हाच प्रश्न सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन स्थापत्यकारांपुढे होता. दक्षिण फ्रान्समधील नीम शहराला त्यांनी दूरच्या झऱ्याचे पाणी आणले. सरळ अंतर सुमारे २० किलोमीटर. कालवा मात्र सुमारे ५० किलोमीटर लांब! वाटेत गार्दों नदीची दरी आडवी आली. तिथे त्यांनी तीन मजली कमानींचा, सुमारे ४९ मीटर उंचीचा पूल उभारला आणि त्याच्या माथ्यावरून पाणी नेले. म्हणजे ती दगडी पन्हळच की! हा पूल आजही उभा आहे.

आता थोडे गणित करू. या ५० किलोमीटरांत पाणी एकूण उतरते जेमतेम साडेबारा मीटर. म्हणजे सरासरीने ४ मीटरला १ मिलिमीटर! तुमच्या वर्गाची लांबी ८ मीटर असेल, तर उतार फक्त २ मिलिमीटर. तो डोळ्यांना दिसेल का? रोमन लोक त्यासाठी सुमारे ६ मीटर लांबीची लाकडी पाणसळ वापरीत. तिच्यावरील खोबणीत पाणी भरून ते समपातळी पाहत.

पण केवळ बांधून भागत नाही. झऱ्याच्या पाण्यातील चुना साचून नीमचा कालवा आतून अरुंद होत गेला. निगा सुटली, तसे पाणी आटत गेले आणि शेवटी बंद पडले. आपल्याकडेही दरवर्षी पाटातला गाळ-पाचोळा काढावा लागतो, तो उगीच नव्हे.

एक प्रयोग करा. गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी घ्या व बुडबुडा राहू न देता तिच्यात पाणी भरा. दोघांनी शाळेच्या अंगणाच्या दोन टोकांना नळीची तोंडे उभी धरा. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला येईल. पाण्यापासून जमिनीपर्यंतची उंची दोन्हीकडे मोजा; फरक तेवढा उतार. मात्र मोजण्यापूर्वी उतार कोणत्या बाजूला आहे, हे नुसत्या नजरेने सांगून वहीत लिहून ठेवा. पाहा बरे, कितीजणांचे बरोबर येते!