खंडेनवमीपूर्वी सुरीची धार

आश्विन शुद्ध नवमी म्हणजे खंडेनवमी. खंडा म्हणजे खड्ग. ज्यांच्या घरी तलवारी होत्या त्यांनी तलवारी पुजल्या, शेतकऱ्याने कोयता नि कुदळ पुजली, आणि तुमच्याआमच्या घरी विळी, सुरी, अडकित्ता, कात्री ही स्वयंपाकघरातील मंडळी पाटावर बसतात. त्यांना गंध लागते, हळदकुंकू लागते, झेंडूचे फूल वाहिले जाते, आणि एकदा पूजा मांडली की त्या दिवशी त्यांच्याकडून काम घ्यावयाचे नाही, अशी पुष्कळ घरांतून चाल आहे.

नवरात्रातील कीर्तनांत या सुमारास शमीवृक्षाचे आख्यान लागते. पांडवांनी अज्ञातवासाला निघताना शस्त्रे शमीवर ठेविली, हे लहान मूलही सांगेल. पण विराटपर्वातील तो प्रसंग सावकाश वाचला म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. शस्त्रे झाडावर चढविण्यापूर्वी पांडवांनी आपापल्या धनुष्यांच्या दोऱ्या उतरविल्या. आणि नकुलाने झाडावर चढून, जेथे पावसाचे पाणी लागणार नाही अशा जागा पाहून, ती धनुष्ये तेथे पक्की बांधली. दोरी ताणलेली राहिली तर धनुष्याचा जोम जातो, आणि भिजले तर ते कुजते. व्यासांनी हा बारकावा सोडला नाही. आम्ही कथेकरी मात्र तो ओलांडून थेट सोन्याच्या पानांवर येतो.

मीही वर्षानुवर्षे तेच केले. आमच्या घरच्या सुरीला दरवर्षी गंध लागत होते; धार मात्र कोणी लावीत नव्हते. तीन वर्षांपूर्वी नवरात्राच्या तिसऱ्या माळेला, नैवेद्याच्या भाजीसाठी लाल भोपळा चिरताना, ती सुरी सालीवरून निसटली आणि सौभाग्यवतींच्या डाव्या अंगठ्यात शिरली. तीन टाके पडले. धारदार सुरी आपल्या वजनाने उतरते; बोथट सुरीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेली सुरी निसटली म्हणजे कोठे जाईल याचा नेम नसतो. आदल्या वर्षी हीच सुरी मी सर्वांदेखत पाटावर मांडून पुजली होती. त्या सायंकाळी कीर्तनाला उभा राहिलो खरा, पण शस्त्रपूजनाचे आख्यान तोंडातून निघेना.

पूर्वी गल्लीत सायकलवर चाक बसविलेला धारवाला येई. आता तो क्वचित दिसतो. आणि फिरत्या चाकावर घाई झाली तर पाते तापून निळे पडते, त्या जागचे पाणी उतरते आणि धार टिकत नाही. म्हणून पुतण्याने एक स्वस्तातले साधन आणून दिले. "काका, यात हाताचा कोन चुकत नाही," असे त्याचे म्हणणे.

साधन साधेच आहे. पाते आडवे धरणारी एक पकड, तिच्या मागे एक उभा खांब, खांबावर वरखाली सरकणारे एक कडे, आणि त्या कड्याच्या छिद्रातून जाणारी लांब सळई. सळईच्या पुढल्या अंगाला धारेचा दगड बसतो. हात कसाही हलला तरी सळई कड्याला बांधलेली, म्हणून दगड पात्यावर ठरल्या कोनातच टेकतो. भास्कराचार्यांची 'लीलावती' ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात भुज, कोटी आणि कर्ण तत्काळ दिसतील. पात्याच्या काठापासून खांबापर्यंतचे अंतर हा भुज, कड्याची उंची ही कोटी, सळई हा कर्ण. अंतर २० सेंटिमीटर असेल तर सुमारे ७.३ सेंटिमीटर उंचीला २० अंशांचा कोन मिळतो, आणि ६.१ सेंटिमीटरला १७ अंशांचा. भाजीच्या सुरीला दोन्ही बाजूंनी १५ ते २० अंश पुरेत. कोयत्यासारख्या घाव घालणाऱ्या हत्याराला याहून जाड धार हवी, नाहीतर पहिल्याच घावाला ती दुमडेल.

पहिल्या सायंकाळी मी तासभर दगड फिरविला आणि टोमॅटोची सालही कापली गेली नाही. दोष साधनाचा होता तसा माझ्या अज्ञानाचाही होता. तेव्हा पुतण्याने सुचविल्याप्रमाणे पात्याच्या काठाजवळचा उतार काळ्या मार्करने रंगविला आणि दगड दोनचारदाच हलकेच फिरविला. जेथे शाई पुसली गेली तेथे दगड लागतो. जेथे राहिली तेथे लागत नाही. माझी शाई उताराच्या वरच्या अंगाला पुसली होती, अगदी काठावर जशीच्या तशी होती. म्हणजे तासभर मी धारेला स्पर्शही केला नव्हता! कडे थोडे वर चढविले, पुन्हा शाई लावली, पुन्हा पाहिले. ती काठापर्यंत सारखी पुसली जाईपर्यंत पुढचे काम करू नये.

मग स्वस्ताईचे दोष एकेक दिसू लागले. कड्याच्या छिद्रात सळई खुळखुळत होती. वरील मापाने पाहता कड्याजवळ ४ मिलिमीटरचा फरक पडला की कोन एका अंशाने बदलतो. तेव्हा २ मिलिमीटरची ढिलाई म्हणजे अर्धा अंश गेलाच. छिद्रात आतून चिकटपट्टीचा एक वेढा देऊन ती ढिलाई काढली. बैठक हलत होती, ती जुन्या पाटावर स्क्रूने आवळली. दगडांची जाडी एकसारखी नव्हती. म्हणून दगड बदलला की कड्याची उंची पुन्हा शाईने तपासावी लागते. पाते उलटताना ते पकडीत पूर्वीच्याच जागी बसावे म्हणून पकडीच्या कडेशी पात्यावर शाईची एक खूण केली, आणि पात्याला ओरखडे पडू नयेत म्हणून तेथे कागदी पट्टी चिकटविली. एका दगडाला मध्ये खोलगट होते. तो सपाट काचेवर पॉलिशपेपर ठेवून, पाणी शिंपडून घासून घेतला. या सर्वाला दोन सायंकाळ लागल्या. प्रत्यक्ष धार लावावयाला अर्धा तास.

दगड चार मिळाले: १२०, ३२०, ६०० आणि १५०० नंबरचे. आकडा वाढेल तसा दगड मऊ. पहिल्या खरखरीत दगडाने एका बाजूने घासत राहावे, तो काठाचा केसाएवढा तंतू दुसऱ्या बाजूला वळतो. अंगठा पाठीकडून काठाकडे आडवा हलकेच नेला की तो हाताला लागतो. (काठाच्या लांबीने बोट कधीही फिरवू नये.) तो तंतू टोकापासून मुठीपर्यंत सलग लागला म्हणजेच दगड काठाला पोहोचला. मग पाते उलटून तसेच करावे, आणि पुढच्या प्रत्येक दगडाला हात अधिक हलका ठेवावा.

येथे मला सुश्रुताचार्य आठवले. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, आठव्या अध्यायात, वीस शस्त्रे सांगितली आहेत आणि त्यांच्या धारांची मापेही दिली आहेत. भेदनाच्या शस्त्राची धार मसुरीच्या दाण्याच्या काठाएवढी, लेखनाच्या शस्त्राची तिच्या निम्मी, वेधन आणि विस्रावण यांसाठी केसाएवढी, आणि छेदनासाठी अर्ध्या केसाएवढी. काम पाहून धार, हाच तो न्याय. शस्त्रांचे आठ दोष सांगितले आहेत त्यांत वाकडेपणाबरोबर बोथटपणाही आहे, आणि धारेचा खरखरीतपणाही. मात्र करवतीला तो खरखरीतपणा दोष नव्हे, हेही सांगावयास आचार्य विसरले नाहीत. धार लावण्यासाठी उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा सांगितली आहे. संस्कृतात तिला शाणही म्हणतात. देवघरातील आपली चंदनाची सहाण याच शब्दाची लेक.

आणि शेवटी धार टिकविण्यासाठी शाल्मलीची फळी. शाल्मली म्हणजे आपली काटेसावर. धार लावणारे शेवटी पाते चामड्यावर फिरवितात ते त्या राहिलेल्या तंतूसाठी. पण ज्या सुरीने नैवेद्याची भाजी चिरावयाची ती चामड्यावर फिरविणे सौभाग्यवतींना रुचेना. सुताराकडून सावरीची हातभर फळी आणली, तिच्यावर पॉलिशचा हिरवा लेप चोळला, आणि पाते काठ मागे ठेवून दोन्ही बाजूंनी दहादहा वेळा ओढले. लाकूड इतके मऊ आहे की काम चोख झाले. सुश्रुताची परीक्षा रोम कापण्याची; मी या दैनिकाचा जुना अंक हातात धरून त्याच्या कडेवर सुरी टेकविली. कागद न फाटता सरळ कापत गेला.

विळी मात्र या साधनात बसत नाही. तिचे पाते वाकडे आणि पाटाला जडलेले. तिला हातानेच ओला दगड लावावा, सावकाश. आणि लोखंडी पात्याला पूजेत ओले गंध लावावयाचे असेल तर आधी गोड्या तेलाचे बोट फिरवावे, पूजा उतरताच पुसून घ्यावे; नाहीतर दशमीला तांबेरा दिसतो. हे सारे अष्टमीच्या आत आटोपावे, आणि धार लावलेली सुरी स्वयंपाकाला घेण्यापूर्वी नीट धुवावी, कारण दगडाची आणि लोखंडाची पूड पात्याला चिकटलेली असते.

त्या वर्षी नवमीला पाट मांडला. विळी, सुरी, अडकित्ता, कात्री ठेविली. सौभाग्यवतींनी कुंकवाचा करंडा हाती घेतला, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, ते तुमचे सळईचे यंत्र कोठे आहे? तेही आणा."