व्याख्यान, गाणे आणि गेलेली वाचा

मैफलीत मेंदूवरचे व्याख्यान कशाला, असा प्रश्न मलाही पडला होता. २०१७ साली वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरने अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेबरोबर ‘साउंड हेल्थ’ हा उपक्रम सुरू केला. गायिका रेने फ्लेमिंग त्यात पुढे होत्या. शास्त्रज्ञांनी बोलायचे आणि कलावंतांनी त्याच सभेत गायचे-वाजवायचे, अशी ही योजना.

फ्लेमिंग स्वतः एमआरआय यंत्रात पडून गायल्या. गाणे नुसते मनात आणले तेव्हा प्रत्यक्ष गाण्यापेक्षा मेंदूची हालचाल अधिक दिसली. पण हा एका गायिकेचा मेंदू. त्यावरून सर्व माणसांचा नियम सांगता येत नाही. सूर गोड लागला म्हणून व्याख्यात्याचे म्हणणे खरे ठरत नाही. हे भान सुटले तर विज्ञानाचेही कीर्तन होईल.

मग गाण्याचे काम काय? पुराव्याचे. मेंदूच्या डाव्या भागाला इजा होऊन ज्याची वाचा गेली, असा माणूस पुष्कळदा ओळखीचे गाणे शब्दांसह म्हणू शकतो. या अनुभवावरून १९७३ साली बॉस्टनच्या संशोधकांनी वाक्य चालीवर म्हणवून बोलणे शिकवण्याची पद्धत मांडली. हे जाणणारा मनुष्य, ‘गाता येते मग बोलत का नाही, हे सोंग आहे’ असे आजाऱ्याला म्हणणार नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, हे ज्ञान तिकिटाच्या दालनात अडकू नये. ज्याच्या घरात वाचा गेलेला माणूस आहे, त्याच्या दारापर्यंत ते गेले पाहिजे.