संकेतस्थळाची सजावट आणि नागरिकाची सोय

कार्यालयाच्या दारावरील फलक वाचता यावा म्हणून लावलेला असतो, याविषयी कोणाचे दुमत नसते. संकेतस्थळाच्या बाबतीत मात्र असे एकमत क्वचितच आढळते. सरकती चित्रे, धावत्या बातम्या, चित्रफिती व नानाविध सुविधा यांनी पृष्ठ संपन्न असावे, असे एक पक्ष म्हणतो. मोजका मजकूर आणि स्पष्ट दुवे पुरेसे आहेत, असे दुसऱ्या पक्षाचे प्रतिपादन आहे.

जिनिव्हानजीकच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली खुले केलेले पहिले संकेतस्थळ म्हणजे निव्वळ मजकूर व दुवे होते. पुढे १९९६ मध्ये फ्लॅश हे तंत्र आले आणि हलत्या चित्रांची हौस बळावली. मुख्य पृष्ठाआधी एक चित्रमय नांदी सुरू होई व ती वगळण्यासाठी वेगळी कळ द्यावी लागे! वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २००० सालीच या प्रकारावर कडक टीका केली होती. अखेर ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार काढून घेण्यात आला आणि त्यावर बेतलेली असंख्य पृष्ठे निरुपयोगी झाली. सर्नच्या त्या पहिल्या पृष्ठाची जतन केलेली प्रत मात्र आजच्या भ्रमणध्वनीवरही विनासायास उघडते.

याचा अर्थ सुविधांचा आग्रह पोकळ आहे, असा नव्हे. गटाची हद्द दाखविण्यास नकाशाच हवा. ते काम परिच्छेदाने होत नाही. शिवाय साधेपणाच्या नावाखाली आवश्यक माहितीच चार पृष्ठे आत दडवली जाते, ही तक्रारही खरी आहे.

या संदर्भात ब्रिटनचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथील शासनाने १७ ऑक्टोबर २०१२ रोजी दोन मोठी जुनी संकेतस्थळे बंद करून ‘गव्ह डॉट यूके’ हे एकच स्थळ सुरू केले व पुढे शेकडो खात्यांचा मजकूर त्यात आणला. कोणते खाते काय करते, यापेक्षा नागरिक काय शोधतो, याला तेथे अग्रक्रम मिळाला. सार्वजनिक सुट्ट्यांचे पृष्ठ उघडताच पुढची सुट्टी कधी, हे सर्वांत वर दिसते. अक्षरांचे वळण रस्त्यावरील फलकांसाठी घडविलेल्या अक्षरांवरून घेतले आहे. अशा साध्या स्थळाला २०१३ मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियमचा वर्षातील सर्वोत्तम रचनेचा सन्मान मिळाला. २०२२ मध्ये तेथील तंत्रज्ञांनी सुमारे ३२ किलोबाइटचा एक अनावश्यक भाग काढून टाकला. आकडा क्षुल्लक वाटेल, परंतु जुना फोन व मंद जोडणी असलेल्यांना त्याचा लाभ झाला.

वादाचे मर्म येथेच आहे. सजावटीचा निर्णय कार्यालयात होतो, पण तिचा भार वाहतो तो नागरिक. पृष्ठ उघडेपर्यंत त्याचा डेटा खर्ची पडतो; ते उघडलेच नाही, तर एका दाखल्यासाठी मजुरी बुडवून त्याला तालुक्याचे केंद्र गाठावे लागते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. अर्जाचे पृष्ठच उघडले नाही, तर ती मुदत मोजायची कोठून?

भारत सरकारने शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. अपंग व्यक्तींना स्थळ वापरता यावे, यावर त्यांत भर आहे. दृष्टिहीनांना पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या प्रणालीला अक्षरे लागतात. परिपत्रकाचे नुसते छायाचित्र चढविले, तर तिला वाचण्यासारखे काही हाती लागत नाही. मराठीपुरता हा प्रश्न अधिक जुना आहे. एकेकाळी प्रत्येक स्थळाचा फॉन्ट निराळा असे व तो संगणकावर नसल्यास मजकुराऐवजी निरर्थक चिन्हे उमटत. युनिकोडमुळे ती अडचण दूर झाली आहे. ग्रामसभेची तारीख, वेळ, स्थळ व विषय युनिकोड मराठीत टंकित करून मुख्य पृष्ठावर देण्यास कोणतेही महागडे तंत्र लागत नाही, आणि ती सूचना शोधताही येते.