वाऱ्यापुरतं भोक

जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तरी एसटी स्टँडवर अजून ‘नगर, नगर’ अशीच हाळी ऐकू येते. ‘नगर आणि विमान’ असं काहीतरी लिहा, असं संपादक म्हणाले तेव्हा वाटलं, एका दुपारचं काम आहे. शिर्डीचा विमानतळ काकडीच्या माळावर 1 ऑक्टोबर 2017 ला राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते सुरू झाला, हे साऱ्यांना ठाऊक आहे. व्हीआरडीई या इथल्या संरक्षण संशोधन संस्थेचं विमानाशी नातं त्याआधीचं. ‘निशांत’ या लष्करी वैमानिकविरहित विमानासाठी 55 अश्वशक्तीचं देशी व्हँकेल इंजिन तयार झालं, त्याच्या प्रज्वलन आणि इंधन यंत्रणेचं काम नगरच्या या संस्थेनं केलं. 2009 मध्ये ते इंजिन कोलारला उडालं. पण त्या विमानात माणूसच बसत नाही. म्हणजे पुढची काच नाही, घाम नाही, आणि माझ्या डोक्यात शिरलेला किडाही नाही.

तो किडा घातला शेजारच्या मुलानं. तो वैमानिकाचं शिक्षण घेतोय. “काका, वर गेल्यावर काही वाटत नाही. खाली नंबर लागेपर्यंत जीव जातो.” दोन आसनांची सेस्ना 152, एसी नाही, समोर आणि बाजूंना पारदर्शक प्लॅस्टिक, बाहेर एप्रिल. काचेच्या वरच्या कोपऱ्यात एक नळी असते, ती ओढली की वारा येतो. पण विमानच उभं, तर तिच्यातून येऊन येऊन येणार किती? परदेशात घरी विमान बांधणारे हौशी लोक सरळ काचेत तीन इंची भोक पाडतात आणि त्यात फिरती चकती बसवतात. चकतीला पन्हळीसारखा ओठ असतो. तो वाऱ्याकडे वळवला की हवा आत, पाठ फिरवली की आतली बाहेर. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधलं आणि 2016 मध्ये ते ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडलं. अशा घरच्या विमानात काच बसवणाराही आपण आणि भोक पाडणाराही आपणच.

काच म्हणायची खरी, पण ते अ‍ॅक्रिलिक. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांची झाकणं याचीच होती. वैमानिकांच्या डोळ्यांत त्याचे कण घुसले, तरी डोळ्यानं ते फारसं मनावर घेतलं नाही, हे लंडनच्या डॉ. हॅरोल्ड रिडली यांनी हेरलं आणि 1949 मध्ये मोतीबिंदूनंतर बसवायचं पहिलं भिंग त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं केलं. डोळा ते सोसतो. ड्रिल सोसत नाही.

हे पाहायला मी दिल्ली दरवाजाजवळच्या एका नेमप्लेटवाल्याकडे गेलो. वय साठीच्या पुढं, बोलणं कमी. मी तीन मिलिमीटरचा तुकडा पुढं केला. त्यांनी नवं बिट काढलं आणि आधी त्याची धारच दगडावर मोडली. मी दचकलो.

“धार माल ओढते,” ते म्हणाले. “लाकडात ओढू द्या. ह्यात ओढलं की खालून टवका उडतो.”

खाली प्लायवूडचा तुकडा, वर साबणाचं पाणी. मधोमध बारीक भोक, मग होल सॉ. दोन-तीन सेकंद कापायचं, उचलायचं, पुन्हा टेकवायचं. अ‍ॅक्रिलिक उष्णता वाहून नेत नाही. ती कापल्या जागीच साठते आणि शंभर अंशांच्या आसपास भुसा मऊ पडून दातऱ्यांना चिकटतो. वास थेट दाताच्या दवाखान्याचा. कवळीही याचीच असते म्हणा! निम्मं कापल्यावर त्यांनी तुकडा उलटा केला आणि दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली. मग कड कानशीनं, त्यानंतर 220, 400, 600 नंबरचा वॉटर पेपर. शेवटी माझं बोट धरून कडेवरून फिरवलं. “नख अडलं की समजा, तडा तिथूनच.”

दुसरं भोक मी पाडलं. कड घासायचा कंटाळा केला.

टेबलावरचं हे काम विमानावर नेलं की अवघड होतं. तिथली काच वाकवून बसवलेली, ताणाखाली. ती उलटी करता येत नाही. ताशी 200 किलोमीटर वेगाला समोरून येणारी हवा चौरस मीटरला सुमारे 190 किलोनं रेटते, आणि ताणलेल्या पत्र्यात गोल भोक पाडलं तर त्याच्या कडेशी ताण तिप्पट होतो, हे किर्श या जर्मन अभियंत्यानं 1898 मध्येच गणितानं दाखवलं. शिवाय ऊन. तापमान तीस अंशांनी चढलं तर मीटरभर अ‍ॅक्रिलिक दोन मिलिमीटर वाढतं, अ‍ॅल्युमिनियम पाऊण मिलिमीटरही नाही. म्हणून चकतीभोवती आणि प्रत्येक स्क्रूभोवती मोकळीक ठेवायची, स्क्रू आवळून ठार करायचा नाही. कसून काम करण्याची सवय असलेल्या हाताला हे जमत नाही, असं माझं मत झालं.

आणि पेट्रोल. तुकड्यावरचा लेबलचा डिंक निघेना म्हणून मी पेट्रोलचं फडकं फिरवलं. सकाळी पाहिलं तर नेमप्लेटवाल्यांच्या भोकाला काही नाही. माझ्या भोकाभोवती केसासारखे सात तडे, उन्हात धरल्यावर चमकणारे. विमानाची काच सौम्य साबण आणि भरपूर पाण्यानंच का धुतात, ते तेव्हा कळलं.

तुकडा शेजारच्या मुलाला दाखवला. त्याच्या विमानाला तर असं भोक डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमांप्रमाणे मंजुरी घेतल्याशिवाय कुणाला पाडताच येत नाही, आणि तडे मोजल्यावर मला तो नियम जाचक वाटला नाही. मुलगा सध्या मानेभोवती ओला पंचा गुंडाळून विमानात बसतो.