शिंजीरचा फोटो आणि चार मीटरचं अंतर

सुट्टीच्या दिवशी लांबलचक कॅमेरे घेतलेले पाहुणे आता बऱ्याच गावांत दिसतात. काही बचत गट त्यांच्या राहण्या-जेवणाची सोयही करतात. पक्ष्याचा फोटो निघतो कसा आणि त्यात आपण काय सांभाळायचं, हे आज समजून घेऊ.

कॅमेऱ्याच्या त्या लांब नळीला टेलिफोटो लेन्स म्हणतात. ती लांबचं मोठं करून दाखवते. बगळा, मोर तिच्यातून लांबूनही छान येतात. पण जास्वंदीवर येणारा जांभळा शिंजीर जेमतेम १० सेंटीमीटरचा. ४०० मिलिमीटरच्या लेन्समधून २० मीटरवरून बघितलं, तर फोटोत जवळजवळ दोन मीटर रुंदीची जागा मावते. त्यात शिंजीर म्हणजे नुसता ठिपका. चार मीटरवरून मात्र साधारण ३६ सेंटीमीटर जागा मावते आणि पिसं न् पिसं दिसतं. म्हणजे एवढी मोठी लेन्स असूनही जवळ जावंच लागतं.

आता पक्षी हमखास कुठे सापडतो? घरट्यापाशी. धोका तिथेच आहे. शिंजीरचं लोंबतं घरटं पुष्कळदा ओसरीच्या वेलीलाच असतं. अंडी मादी एकटीच उबवते. माणूस समोर ठाण मांडून बसला, तर ती परत येत नाही आणि अंडी गार पडतात. फोटो स्पष्ट यावा म्हणून कुणी आडवी पानं तोडली, तर पिल्लांना ऊन लागतं आणि कावळ्याला घरटं दिसतं. चोचीत किडा धरून पक्षी फांदीवरच ओरडत बसला असेल, तर समजा, तो आपल्याला घाबरलाय. लगेच मागे सरकायचं.

मग चार मीटरवर यायचं कसं? आपण जायचं नाही, पक्ष्याला येऊ द्यायचं.

परसात मातीची उथळ परात ठेवा. पाणी दोन बोटं पुरे. ते रोज बदला, म्हणजे डास होणार नाहीत. मांजराला दबा धरता येईल अशी जागा टाळा. परातीजवळ एक वाळकी फांदी रोवा. पक्षी आधी फांदीवर बसतो, मग पाण्यावर उतरतो. फांदीपासून चार-पाच मीटरवर चटईचा किंवा जुन्या लुगड्याचा आडोसा करा. पाहुण्याने सकाळी ऊन पाठीशी घेऊन त्यामागे गप्प बसावं. पक्ष्यांना आडोशाची सवय व्हायला काही दिवस लागतात.

लेन्स जड असते, हात हलतो. कापडी पिशवीत कडधान्य भरून तिच्यावर लेन्स टेकवली की ती स्थिर राहते. अशी पिशवी आपला गट सहज शिवून देऊ शकतो. इतक्या जवळून बोटभर जागाच स्पष्ट येते, म्हणून नेम पक्ष्याच्या डोळ्यावर धरायचा.

पाहुण्यांना दोन गोष्टी आधीच सांगा. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवायचा नाही. दुसरा नर आला समजून पक्षी चवताळतो, पिल्लं उपाशी राहतात. आणि घरटं दाखवणार नाही, जास्त पैसे दिले तरी नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांच्या घरट्यांना त्रास देणं हीसुद्धा शिकारच मानली आहे.

पाहुणा फोटो घेऊन जाईल. पिल्लं उडाली, तर पुढच्या वर्षी परसात शिंजीर असतील आणि पाहुणेही येतील. गटाच्या पुढच्या बैठकीत परात कुणाच्या परसात ठेवायची, ते ठरवा.