विजेवरची चेन सॉ : डब्यावरचा आकडा नव्हे, माल पाहा

आमचा धंदा कापडाचा. ठाण चोळून, उजेडात धरून पाहिल्याशिवाय आम्ही सौदा करीत नाही. परंतु घरच्या लग्नात देगांसाठी बाभळीचे सरपण कापायला विजेवरची चेन सॉ आणली, ती केवळ डब्यावरचे आकडे वाचून. पहिल्याच दुपारी मशीनमधून धूर निघाला. कोणत्याही प्लगवर चालेल, असे दुकानदाराने सांगितले होते, आणि आम्ही घरातली बारीक वायर जोडली होती. दोष दोघांचाही होता. धाराशिव जिल्ह्यातील आमचे सुतार, आचारी व शेतकरी बंधू ही मशीन घेण्याच्या विचारात असतील, तर आम्ही पैसे घालवून शिकलेले त्यांना फुकट मिळावे.

प्रथम विजेचा हिशेब. २००० वॅटचे मशीन २३० व्होल्टवर सुमारे ९ अँपियर ओढते. त्याला ६ अँपियरचा साधा प्लग चालत नाही, १६ अँपियरचा पॉवर प्लग हवा. अंगणापर्यंत वायर न्यायची असेल तर ती तांब्याची, अडीच चौरस मिलिमीटरची घ्यावी. बारीक व लांब वायरीत व्होल्टेज पडतो आणि मोटार तापून जळते.

बॅटरीच्या छोट्या मशीनवर ४८ असा मोठा आकडा छापलेला दिसला तरी भुलू नये. आत एकापुढे एक पाच लिथियम सेल जोडलेले असतील, तर पूर्ण चार्जवर २१ व्होल्टच होतात. बारीक फांद्यांना ते पुरते, बाभळीच्या बुंध्याला नाही.

आता माल पारखणे. दुकानातच मशीन चालवून दाखवायला सांगावे. पट्टीचे टोक पुठ्ठ्यासमोर धरले असता त्यावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर साखळीला तेल पोहोचत नाही. पुढचा दांडा ढकलताच साखळी जागच्या जागी थांबावी. हा ब्रेक जीव वाचवतो, कारण पट्टीचे वरचे टोक लाकडाला लागले की मशीन उसळून अंगावर येते. लुंगी किंवा सैल बाह्यांचा कुर्ता घालून ते चालवू नये.

मग पट्टीवर छापलेला साखळीचा माप पाहून तशीच साखळी आणि कार्बन ब्रश आपल्या गावात मिळतात का, हे विचारावे. मिळत नसतील तर स्वस्त मशीनही महागच. माळवद उतरवून निघालेल्या तुळयांत खिळे असतात. एका खिळ्याने साखळीचे दात जातात. लाकडाचे कपटे न पडता पिठासारखा भुसा पडू लागला की साखळी बोथट झाली, असे समजून गोल कानस मारावी.

वर्षातून दोन-चार दिवसांचेच काम असेल तर भाड्याने आणणे बरे. आणि मशीन हाती आले म्हणून उभे झाड पाडू नये. आंबा, चिंच, सागासारख्या झाडांना १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते.

शेवटी विक्रेत्या बंधूंना एक विनंती. धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा बाहेर काढणाऱ्या पैगंबरांची (स.) शिकवण आपण सारे जाणतो. ऐब सांगून विकलेल्या मालातच बरकत आहे.