अशील कोण?

‘वकील’ आणि ‘अशील’ हे दोन्ही शब्द आपल्याकडे अरबीतून आले. वकील म्हणजे ज्याच्यावर काम सोपवले तो; असील म्हणजे मूळ धनी. वकिलाला सांगितलेले गुपित कोणाचे, याचे उत्तर या जोडीतच आहे. ते धन्याचे, वकिलाकडे त्याची ठेव.

१८७२च्या पुराव्याच्या कायद्याने हेच कलम १२६मध्ये मांडले, आणि बॅरिस्टर, अ‍ॅटर्नी, प्लीडर यांच्या पंगतीला इंग्रजी मजकुरात चक्क ‘वकील’ बसवला. अशिलाच्या स्पष्ट संमतीवाचून त्याने बोलायचे नाही. त्याच्या कारकुनानेही नाही. मात्र ‘मी खोटा दस्त केला, मला वाचवा’ हे गुप्त राहते. ‘या खोट्या दस्तावर जमिनीचा ताबा मिळवून द्या’ हे राहत नाही. जमिनीला सोन्याचा भाव आलेल्या आमच्या मावळात हा फरक ठाऊक असलेला बरा.

१ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला. कलम १३२मध्ये जुनी पंगत उठली, एकटा ‘अ‍ॅडव्होकेट’ उरला. माझ्या मते या एका शब्दाचा परिणाम तळेगावच्या एमआयडीसीपर्यंत पोहोचतो.

कारण कंपनीचा पगारी विधी अधिकारी. बार कौन्सिलच्या नियम ४९नुसार पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही. तरीही मुंबई महापालिका विरुद्ध विजय मेटल वर्क्स या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने अशा सल्लागारालाही वकिलाइतकेच संरक्षण दिले होते. ३१ ऑक्टोबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारले: तो कोर्टात उभा राहणारा अ‍ॅडव्होकेट नव्हे, म्हणून कलम १३२ त्याला लागू नाही. कंपनीने बाहेरच्या वकिलाशी केलेला पत्रव्यवहार कलम १३४ने झाकलेला राहतो. मालक आणि पगारी सल्लागार यांच्यातला नाही. युरोपच्या न्यायालयाने २०१०मध्ये, स्पर्धाविषयक चौकशीपुरते का होईना, असेच म्हटले होते.

मला चिंता वाटते ती कंपनीची नव्हे. तिला बाहेरचा वकील परवडतो. अपघातानंतर चौकशीला बोलावलेला कामगार ‘साहेब, तुम्हालाच सांगतो’ म्हणून मन मोकळे करतो, त्याचे काय? समोरच्या साहेबांचा अशील कंपनी आहे, तो नाही. अमेरिकेत १९८१च्या अपजॉन निकालाने कर्मचाऱ्यांचे असे बोलणे गोपनीय मानले, पण तो हक्क कंपनीचा ठरवला. तिने ठरवले तर ती ते उघड करू शकते, म्हणून तिथले वकील चौकशीआधी तसे बजावतात. आपल्याकडे कामगाराला हे कोणी बजावत नाही. मेलवर ‘गोपनीय’ लिहिल्याने तर काहीच झाकले जात नाही.

कागद वाचून घ्यायला माझ्याकडे येणाऱ्यांना मी एवढेच सांगतो, की आधी वडगावच्या कोर्टात जाऊन आपला वकील करा, मग बोला. त्याला सल्ल्यासाठी सांगितलेले कोर्टही तुमच्याकडून वदवून घेऊ शकत नाही. तुम्ही आपणहून साक्षीला उभे राहिलात, तर मात्र त्या साक्षीच्या खुलाशापुरते विचारता येते.